जुन्या गाडीतील बोल्टचे गेलेले आटे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोल्ट आवळताना हाताला जाणवणारा ताण हळूहळू वाढत जायला हवा. तो वाढण्याऐवजी पाना एकाएकी हलका फिरू लागला की भोकातले आटे गेले, हे बहुतेकांच्या लगेच लक्षात येते. नव्या गाडीत अशा वेळी तो भाग बदलता येतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी उत्पादन थांबलेल्या गाडीत मात्र तोच सिलिंडर हेड, तोच गिअरबॉक्स किंवा तोच ब्लॉक वाचवावा लागतो. त्या दृष्टीने नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. ती वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अशा दुरुस्तीतले सर्वांत महत्त्वाचे निर्णय ड्रिल हातात घेण्यापूर्वी घ्यायचे असतात, कारण मोठे केलेले भोक पुन्हा लहान करता येत नाही.

आटे खरोखरच गेले आहेत की नुसते मळले आहेत, हे कसे ओळखावे?

प्रथम बोल्ट पूर्ण बाहेर काढून त्याचे आटे उजेडात पाहावेत. बोल्टच्या आट्यांमध्ये चकचकीत, पिळदार तारेसारखा धातू अडकलेला दिसला, तर तो भोकातला धातू असतो आणि भोकातले आटे मुळापासून कापले गेले आहेत असे समजावे. बोल्टचेच आटे चपटे झालेले किंवा ताणलेले दिसले, तर भोक वाचले असण्याची बरीच शक्यता असते. अशा वेळी त्याच मापाचा नवा बोल्ट हाताने फिरवून पाहावा. तो शेवटपर्यंत सहज गेला आणि आडवा हलला नाही, तर बोल्ट बदलणे पुरेसे असते.

गंज, रंग, जुने सीलंट आणि जळलेले तेल यांमुळेही बोल्ट अडतो. ही घाण काढण्यासाठी पुष्कळ जण सरळ कापणारा टॅप, म्हणजे भोकात नवे आटे पाडण्याचे हत्यार, फिरवतात, पण तसे करू नये. टॅप घाणीबरोबर थोडा चांगला धातूही काढतो आणि शाबूत आटे सैल करतो. या कामासाठी आटे साफ करण्याचा वेगळा चेसर मिळतो. तो नसेल तर जुन्या बोल्टच्या आट्यांना उभ्या दोन-तीन खाचा पाडून, विद्रावक लावून तोच हलक्या हाताने फिरवावा. अर्ध्याहून अधिक आटे शाबूत असतील आणि त्या जागी भार कमी असेल, तर एवढ्यावर काम भागते.

आटे मुळात का जातात?

गरजेपेक्षा जास्त आवळणे हे उघड कारण आहे, पण ते एकटे नसते. पान्यावर लावलेल्या जोरापैकी साधारण निम्मा जोर बोल्टच्या माथ्याखालच्या घर्षणात आणि सुमारे चाळीस टक्के आट्यांमधील घर्षणात खर्च होतो. बोल्ट ताणण्यासाठी जेमतेम दहा टक्के उरतो. कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क (आवळण्याचा ठरावीक पिळ-जोर) तेल किंवा ग्रीस लावलेल्या बोल्टला लावला, तर घर्षण कमी झाल्यामुळे बोल्टवरचा खरा ताण बराच वाढतो आणि आटे तुटतात. टॉर्क रेंच बरोबर आकडा दाखवत असतानाही हे घडू शकते.

दुसरे कारण बोल्टच्या लांबीत असते. पोलादात बोल्टच्या व्यासाइतकी लांबी आट्यांत गुंतली तर पुरते. अ‍ॅल्युमिनियममध्ये ती व्यासाच्या दीड ते दोन पट असावी लागते. पूर्वी कोणी लांब बोल्टच्या जागी आखूड बोल्ट घातला असेल, तर वरच्या थोड्या आट्यांवर सारा भार येतो. मुळातही भार सर्व आट्यांवर सारखा पडत नाही. पहिला गुंतलेला आटा एकटाच जवळपास एक तृतीयांश भार उचलतो आणि तो गेला की पुढचे एकामागून एक जातात.

बंद तळाच्या भोकात साठलेले तेल किंवा पाणी हा तिसरा आणि अधिक घातक धोका आहे. द्रव दाबला जात नाही. त्यामुळे बोल्ट आत जाताना तळाशी एवढा दाब निर्माण होतो की ओतीव भागाला तडा जाऊ शकतो. सिलिंडर हेड बसवण्यापूर्वी ब्लॉकमधले प्रत्येक भोक हवेने कोरडे करण्याचा नियम त्यासाठीच आहे. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा असणे अत्यावश्यक आहे. याशिवाय तिरका चढवलेला बोल्ट, तापलेल्या हेडमधून काढलेले स्पार्क प्लग, आणि पोलाद व अ‍ॅल्युमिनियम यांच्यात ओलाव्यामुळे होणारे क्षरण ही नेहमीची कारणे आहेतच.

आट्याची जात व माप कसे ओळखावे? जुन्या गाडीत इतके गोंधळ का असतात?

येथे घाई करू नये, कारण बहुतेक दुरुस्त्या याच टप्प्यावर बिघडतात. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत आट्याचा कोन ५५ अंश असतो. ब्रिटिश गाड्यांत हा जाड व्हिटवर्थ आटा आणि त्याच कोनाचा बारीक बीएसएफ आटा अनेक दशके चालला. कार्ब्युरेटर व विजेच्या उपकरणांत बीए मालिकेचे स्क्रू असत आणि त्यांचा कोन ४७.५ अंश असतो. १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी युनिफाइड पद्धत मान्य केली. तिचे जाड यूएनसी आणि बारीक यूएनएफ आटे ६० अंशांचे असतात. मेट्रिक आटाही ६० अंशांचाच, पण त्यात लगतच्या दोन आट्यांमधले अंतर मिलिमीटरमध्ये मोजले जाते.

गोंधळ उडतो तो यांतील साम्यामुळे. पाव इंच, ५/१६ इंच आणि ३/८ इंच या तिन्ही मापांत व्हिटवर्थ व यूएनसी यांची इंचातील आट्यांची संख्या सारखीच आहे, ती अनुक्रमे २०, १८ व १६. त्यामुळे एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या भोकात जातो, बसल्यासारखाही वाटतो, पण कोन वेगळा असल्याने आट्यांचा पूर्ण पृष्ठभाग टेकत नाही. अर्ध्या इंचाला मात्र व्हिटवर्थचे १२ आणि यूएनसीचे १३ आटे असतात. बारीक आट्यांत ५/१६ इंचाला बीएसएफचे २२ आणि यूएनएफचे २४ असा फरक आहे. मेट्रिक एम ८ बोल्टचा व्यास ८ मिमी असतो आणि ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, पण पाना फिरवताच आटे कापले जातात.

काही इंजिनांत याहूनही विचित्र मिश्रण आढळते. एमजी या ब्रिटिश गाडीच्या टी मालिकेतील एक्सपीएजी इंजिनाचे आटे मेट्रिक आहेत, तर बोल्टचे माथे व्हिटवर्थ पान्याच्या मापाचे आहेत. मॉरिस कंपनीने १९२३ मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्री येथील कारखाना घेतला. तिथली यंत्रसामग्री मेट्रिक आटे पाडणारी होती, आणि तिची ही परंपरा पुढच्या इंजिनांत उतरली. म्हणून माथ्याला कोणता पाना लागतो यावरून आट्याची जात कधीही ठरवू नये.

ओळख पटवण्यासाठी व्हर्निअर कॅलिपरने बोल्टच्या चांगल्या भागाचा बाह्य व्यास मोजावा आणि मग पिच गेजची (आट्यांमधले अंतर ओळखण्याच्या दातेरी मापकाची) पाती एकेक लावून पाहावीत. पाते आट्यांत बसल्यावर मागून उजेड धरला असता फट दिसता कामा नये. गेलेल्या भोकातला बोल्ट मूळचा आहे याची खात्री नसेल, तर त्याच झाकणाचे किंवा त्याच रांगेतले शेजारचे शाबूत भोक तपासावे. आधीच्या मालकाने कधीतरी दुसऱ्याच जातीचा टॅप मारलेला असणे जुन्या गाडीत मुळीच दुर्मीळ नाही.

भोक मोठे करून पुढच्या मापाचा बोल्ट बसवला तर काय हरकत आहे?

कामचलाऊ म्हणून हे चालून जाते, पण पहिला पर्याय म्हणून ते करू नये. बोल्ट जाड झाला की झाकणाचे व गॅस्केटचे (दोन भागांमधल्या गळतीरोधक पातळ थराचे) भोकही मोठे करावे लागते, माथा शेजारच्या भागाला घासू शकतो, आणि एका रांगेत एक बोल्ट वेगळ्या मापाचा राहिल्याने पुढच्या कारागिराची फसगत होते. शिवाय मूळ गाडीचे अस्सलपण तेवढ्यापुरते कमी होते. आट्यांचे इन्सर्ट, म्हणजे मोठ्या केलेल्या भोकात मूळ मापाचे आटे देणारा वेगळा तुकडा, बसवल्यास बोल्ट मूळ मापाचाच राहतो आणि बाहेरून दुरुस्ती दिसतही नाही. भोक मोठे करण्याचा पर्याय शेवटपर्यंत हातात राखून ठेवावा, कारण इन्सर्ट फसले तर तोच उपयोगी पडतो.

स्टडच्या (माथा नसलेल्या, दोन्ही टोकांना आटे असलेल्या सळईच्या) बाबतीत मात्र पायरीचा स्टड हा एक सभ्य मधला मार्ग आहे. त्याचे ब्लॉकमध्ये जाणारे टोक एक माप जाड आणि नट बसणारे टोक मूळ मापाचे असते. बिडाच्या ब्लॉकमध्ये, भोवती पुरेसा धातू असेल तेथे, ही रीत आजही उत्तम चालते.

हेलिकॉइल म्हणजे काय? तारेचे ते वेटोळे मूळ आट्याइतके मजबूत असते का?

हेलिकॉइल हे एका कंपनीचे व्यापारी नाव आहे, पण कार्यशाळांमध्ये तारेच्या सर्वच इन्सर्टना ते लावले जाते. चौकटच्या आकाराचा छेद असलेली स्टेनलेस स्टीलची तार गुंडाळून हे वेटोळे बनवतात. त्याची बाहेरची बाजू खास टॅपने पाडलेल्या मोठ्या आट्यांत बसते आणि आतली बाजू बोल्टसाठी मूळ मापाचा आटा तयार करते. मोकळ्या स्थितीत त्याचा व्यास भोकापेक्षा किंचित मोठा असतो, त्यामुळे बसल्यावर ते बाहेरच्या दिशेने दाबून राहते आणि त्याला वेगळे चिकटवावे लागत नाही.

अ‍ॅल्युमिनियममध्ये नीट बसवलेले इन्सर्ट मूळ आट्यापेक्षा मजबूत ठरते. मऊ धातूतले आटे आता मोठ्या व्यासावर असतात, म्हणजे कापले जाण्यासाठी अधिक धातू लागतो, आणि बोल्ट कठीण, गुळगुळीत पोलादावर फिरतो. लवचीक तारेमुळे भारही आट्यांमध्ये अधिक सारखा वाटला जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून विमानांच्या हलक्या मिश्रधातूच्या भागांत अशी इन्सर्ट वापरली गेली. आजही अनेक उत्पादक ती नव्या भागांतच बसवून देतात. म्हणून या दुरुस्तीला कमी प्रतीची मानण्याचे कारण नाही. कमी प्रत येते ती वाकड्या भोकामुळे आणि अपुऱ्या खोलीमुळे.

तारेचे इन्सर्ट बसवण्याची योग्य पद्धत कोणती?

सुरुवात लांबी ठरवण्यापासून करावी. इन्सर्ट बोल्टच्या व्यासाच्या एक, दीड, दोन अशा पटींत मिळतात. अ‍ॅल्युमिनियमसाठी दीड पटीपेक्षा कमी घेऊ नये आणि खोली असेल तर दोन पट घ्यावे. भोवतीची भिंत किती जाड आहे, पलीकडे पाण्याची किंवा तेलाची वाट आहे का, हे शेजारच्या भोकावरून, मॅन्युअलमधील छेदचित्रावरून किंवा बारीक सळईने चाचपून पाहावे.

इन्सर्टच्या संचाबरोबर आलेल्या किंवा त्याच्या पत्रकात सांगितलेल्या मापाचेच ड्रिल वापरावे. एम ६ साठी सुमारे ६.३ मिमी, एम ८ साठी सुमारे ८.४ मिमी आणि एम १० साठी सुमारे १०.४ मिमी लागते. यावरून दिसते की ड्रिल फार थोडा धातू काढते. त्यामुळेच ते जुन्या भोकाच्या मागे जाते आणि जुने भोक वाकडे झाले असेल तर नवेही वाकडेच होते. बंद भोकाची खोली मोजून ड्रिलवर चिकटपट्टीची खूण करावी. टॅपच्या निमुळत्या टोकासाठी तळाशी थोडी जास्तीची जागा ठेवावी लागते, हेही हिशेबात धरावे. वरच्या कडेला हलकी उतरण काढली की पहिला आटा वर उचलला जात नाही आणि गॅस्केटचा पृष्ठभाग सपाट राहतो.

टॅप संचातलाच हवा. त्याच नावाचा साधा टॅप येथे चालत नाही, कारण इन्सर्टचा टॅप मूळ मापापेक्षा मोठा असतो. अ‍ॅल्युमिनियमसाठी केरोसीन किंवा हलके कापण्याचे तेल आणि पोलादासाठी जाड कापण्याचे तेल लावावे. बीड मात्र कोरडेच कापावे, कारण त्यातील ग्राफाइट स्वतःच वंगणाचे काम करते. टॅप अर्धा ते एक फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असा चालवावा, म्हणजे कीस तुटत राहतो. फिरवताना जड वाटू लागले तर जोर न वाढवता टॅप पूर्ण बाहेर काढून साफ करावा. बंद भोकात दोन-तीन वेळा बाहेर काढावा लागला तरी तो वेळ वाया गेलेला नसतो.

भोक विद्रावकाने धुऊन हवेने कोरडे केल्यावर इन्सर्ट बसवण्याच्या दांड्यावर चढवावे. तळाशी आडवी असलेली जीभ दांड्याच्या खाचेत बसते. इन्सर्ट फिरवताना खाली दाबू नये, ते आपल्या आट्याने आपणच उतरते. दाब दिला तर वेटोळे एक आटा ओलांडून बसते आणि मग बोल्ट मध्येच अडतो. वरचे टोक पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा आटा खाली गेले की थांबावे. एकदा उतरलेले इन्सर्ट उलटे फिरवू नये, कारण जीभ अवेळी तुटते. शेवटी आरपार भोकात पंचाने एक नेमका ठोका देऊन जीभ तोडावी आणि ती बाहेर काढल्याची डोळ्यांनी खात्री करावी. बंद भोकात बोल्ट तिथवर पोहोचत नसेल तर ती राहू दिली तरी चालते.

हाताच्या ड्रिलने भोक सरळ पाडता येईल का?

भाग सुटा करून स्टँडच्या ड्रिल मशीनवर किंवा मिलिंग मशीनवर बांधता येत असेल, तर दुसरा विचार करू नये. भाग गाडीतच असेल तर मार्गदर्शक लागतो. त्या जागी बसणारे मूळ झाकण किंवा जाड पट्टी शेजारच्या शाबूत बोल्टांनी घट्ट बसवावी आणि गेलेल्या भोकावर योग्य आतल्या व्यासाचे पोलादी बुश (पोकळ नळकांडे) धरून त्यातून ड्रिल चालवावे. टॅपलाही तसाच आधार द्यावा. लहान गुण्या दोन दिशांनी लावून पाहण्याची सवय चांगली, पण ती मार्गदर्शकाला पर्याय नव्हे. सिलिंडर हेडचा स्टड थोडा जरी कलला तरी हेड त्यावरून खाली उतरत नाही.

भरीव बुशचे इन्सर्ट केव्हा निवडावे?

टाइम-सर्टसारखी इन्सर्ट म्हणजे आतून-बाहेरून आटे असलेले पोलादी बुश असतात. वरची कॉलर त्यांना खोल जाऊ देत नाही आणि तळाचे काही आटे बसवताना बाहेर फुगवले जातात, त्यामुळे ते भोकात जखडले जाते. दुसऱ्या एका प्रकारात बुशच्या कडेच्या चाव्या ठोकून धातूत रोवतात. जेथे बोल्ट वारंवार काढावा लागतो, ताण मोठा असतो किंवा द्रव गळण्याचा धोका असतो, तेथे माझी पसंती भरीव बुशला आहे. म्हणजे स्पार्क प्लग, सिलिंडर हेडचे स्टड आणि तेलाचा ड्रेन प्लग. मात्र बुशचा बाहेरचा व्यास तारेच्या इन्सर्टपेक्षा मोठा असतो. भोवतालची भिंत पातळ असेल तर अधिक धातू काढणे धोक्याचे ठरते आणि तारेचे इन्सर्टच योग्य होय. तारेचे इन्सर्ट आधी फसलेले असेल, तर त्याच भोकात पुढे बुश बसवता येते. उलट क्रम जमत नाही.

सिलिंडर हेड न काढता स्पार्क प्लगचे आटे दुरुस्त करता येतात का?

येतात, पण सुट्या हेडवर केलेले काम नेहमीच वरचढ असते. बहुतेक जुन्या गाड्यांत १४ मिमी व्यासाचा आणि १.२५ मिमी अंतराचा प्लग असतो. काही जुन्या इंजिनांत १८ मिमीचाही आढळतो. आट्यांची लांबी प्लगनुसार बदलते. नेहमीची मापे १२.७ मिमी व १९ मिमी अशी आहेत आणि इन्सर्ट तितक्याच लांबीचे हवे. ते लांब झाले तर ज्वलनकक्षात डोकावणारे टोक तापून लाल होते आणि इंधन अवेळी पेटते. आखूड झाले तर उघड्या आट्यांत काजळी साचून पुढचा प्लग अडकतो.

हेड जागेवर ठेवून काम करायचे झाल्यास पिस्टन टॅपच्या वाटेतून दूर खाली घ्यावा, टॅपच्या खाचा जाड ग्रीसने भरून घ्याव्यात आणि काही फेऱ्यांनंतर टॅप काढून, पुसून, पुन्हा ग्रीस भरावे. शेवटी बारीक नळी लावलेल्या व्हॅक्यूमने सिलिंडर साफ करावा. त्यानंतर प्लग न लावता, भोकापासून चेहरा दूर ठेवून, स्टार्टरने इंजिन काही क्षण फिरवले तर उरलेला बारीक कीस हवेबरोबर बाहेर पडतो. पोलादी इन्सर्टचा तुकडा मात्र आत पडता कामा नये. म्हणून येथे जीभ असलेली तार वापरायची झाली, तर ती ठोकून न तोडता लांब चोचीच्या पकडीने धरून मागेपुढे वाकवून तोडावी.

प्लग नेहमी थंड हेडमध्ये आणि आधी बोटांनी चढवावा. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये गॅस्केट असलेल्या १४ मिमीच्या प्लगसाठी २५ ते ३० न्यूटन-मीटर हा सर्वसाधारण टॉर्क आहे, पण गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळावा.

मॅग्नेशियमच्या भागांसाठी वेगळी काळजी लागते का?

होय, आणि ती जिवाची काळजी आहे. हवेने थंड होणाऱ्या जुन्या फोक्सवॅगन इंजिनांचे क्रँककेस (इंजिनाचा खालचा मुख्य साचा) मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असतात. १९६८ ते १९७७ या काळातील बहुतेक पोर्शे ९११ गाड्यांतही तसेच आहे. तापल्यावर सिलिंडर व हेड जितके वाढतात तितके पोलादी स्टड वाढत नाहीत. तो ओढा शेवटी मऊ क्रँककेसमधील आट्यांवर येतो आणि स्टड आट्यांसकट उपटले जातात. इंजिन उघडलेच असेल तर एका उपटलेल्या स्टडबरोबर सर्व स्टडच्या जागी इन्सर्ट बसवणे शहाणपणाचे असते.

मॅग्नेशियमचा बारीक कीस सहज पेटतो आणि पेटल्यावर पाण्याने विझत नाही. पाण्यातून हायड्रोजन निघून आग भडकते. कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामकही चालत नाही. म्हणून धारदार हत्यार आणि कमी वेग वापरावा, कीस साचू न देता वेळोवेळी काढावा, जवळपास ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालू नसावे आणि कोरड्या वाळूची बादली हाताशी ठेवावी. पोलादी इन्सर्ट व मॅग्नेशियम यांच्यात ओलाव्यामुळे क्षरणही वेगाने होते. त्यासाठी इन्सर्ट उत्पादकाने सुचवलेला संरक्षक लेप लावूनच बसवावे.

तेलाच्या ड्रेन प्लगमधून गळती होते. त्यावर काय करावे?

आधी प्लगखालचे तांब्याचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे वॉशर बदलून पाहावे. गळती थांबवण्याचे काम वॉशर करते, आटे नव्हे. आटे खरोखर गेले असतील तर भरीव बुश बसवावे. तारेच्या वेटोळ्याभोवतीच्या सर्पिल वाटेने तेल झिरपू शकते. स्वतः आटे कापत जाणारे मोठ्या मापाचे प्लग मिळतात. ते वाकडे चढतात आणि पुढच्या प्रत्येक तेलबदलाला भोक थोडे अधिक खराब करतात, त्यामुळे ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या संपवर (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीवर) ते वापरू नयेत. पत्र्याच्या संपवर नवा नट वेल्ड करून घेणे सर्वांत टिकाऊ असते.

बोल्ट भोकातच तुटला, किंवा त्याहून वाईट म्हणजे टॅपच तुटला, तर?

तुटलेला बोल्ट वर थोडा दिसत असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करणे हा उत्तम उपाय आहे. उष्णतेने गंज सुटतो आणि फिरवायला माथाही मिळतो. तो खाली तुटला असेल तर टोक सपाट करून अगदी मध्यावर पंच मारावा, लहान ड्रिलपासून सुरुवात करावी आणि मिळाल्यास डाव्या फेऱ्याचे ड्रिल वापरावे. पुष्कळदा तेच बोल्टला फिरवून बाहेर आणते. मूळ आटे पाडण्यापूर्वीच्या मापापर्यंत ड्रिल मध्यावर राहिले, तर बोल्टचे उरलेले आटे सुईने वेटोळ्यासारखे काढता येतात आणि भोक शाबूत राहते. निमुळत्या उलट्या एक्स्ट्रॅक्टरवर (तुटका बोल्ट उलटा फिरवून काढण्याच्या हत्यारावर) मात्र जोर काढू नये. तो अत्यंत कठीण व ठिसूळ असतो, आणि आत तुटला तर साध्या ड्रिलने कापला जात नाही.

तुटलेल्या टॅपची अडचण तीच आहे. महत्त्वाच्या भागासाठी विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या यंत्रावर तो काढून घेणे सर्वांत सुरक्षित असते. सुट्या, लहान अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा पितळेच्या भागासाठी घड्याळजींची एक जुनी रीत आहे. भाग तुरटीच्या गरम, दाट द्रावणात ठेवला तर पोलाद हळूहळू विरघळते आणि मूळ भाग टिकतो. याला तास लागतात, कधी दिवसही लागतात. भागातले इतर सर्व पोलादी तुकडे आधी काढून घ्यावेत आणि जस्ताच्या मिश्रधातूच्या कार्ब्युरेटरवर हा प्रयोग करू नये.

इपॉक्सी भरून आटे तयार करता येतात असे सांगतात. ते विश्वसनीय आहे का?

हलक्या भाराच्या आणि थंड राहणाऱ्या जागी, उदाहरणार्थ सजावटीची पट्टी किंवा हवेच्या फिल्टरचे झाकण, येथे चालते. इंजिन, गिअरबॉक्स व चाकांच्या कोणत्याही भागात नाही.

वेल्डिंगने भोक भरून नवे आटे पाडणे अधिक चांगले नाही का?

भोवतीचा धातूच फुटून गेला असेल, तर अ‍ॅल्युमिनियममध्ये टिग वेल्डिंगशिवाय गत्यंतर नसते. पण उष्णतेने त्या जागेची कठीणता कमी होते, पृष्ठभाग वाकतो आणि नंतर तो मशीनवर सपाट करावा लागतो. बीड तर असमान तापल्यास थंड होतानाच तडकते. तेव्हा भोवती पुरेसा धातू असताना केवळ आट्यांसाठी वेल्डिंग करू नये.

ब्रेक, स्टिअरिंग आणि सीट बेल्टच्या बोल्टसाठी इन्सर्ट चालते का?

येथे मी स्पष्ट नकार देतो. चाकाचा स्टड गेला तर स्टड बदलावा. ब्रेक कॅलिपर, स्टिअरिंगचा बाहू किंवा सस्पेंशनचा दुवा यांतले आटे गेले तर भाग बदलावा. उत्पादकाने स्वतः इन्सर्टची पद्धत लेखी दिली असेल, तेवढाच अपवाद. सीट बेल्टच्या बोल्टचा आटा बहुतेक गाड्यांत ७/१६ इंच यूएनएफ, इंचाला २०, असतो. मेट्रिक गाड्यांतही तोच आढळतो, त्यामुळे एम ११ किंवा एम १२ चा बोल्ट दाबून चढवल्याने अनेक नट खराब होतात. हा नट गेला तर मूळ जाडीच्या पट्टीसह नवा नट गाडीच्या बॉडीला वेल्ड करून घ्यावा. पत्र्यात दाबून बसवायचा रिव्हेट नट येथे कदापि वापरू नये.

दुरुस्तीनंतर बोल्ट किती आवळावा?

मूळ टॉर्क जितका, तितकाच. इन्सर्ट मजबूत आहे म्हणून अधिक आवळू नये. तांब्याचे ग्रीस किंवा तेल लावायचे असेल तर टॉर्क वंगणासह दिलेला आहे की कोरड्या आट्यांसाठी, हे मॅन्युअलमध्ये पाहावे. पाण्याच्या वाटेत उघडणाऱ्या भोकातील स्टडला सीलंट लावावे. सिलिंडर हेड बसवण्यापूर्वी दुरुस्त केलेल्या भोकात बोल्ट व जाड वॉशरांचा थर वापरून पूर्ण टॉर्क एकदा लावून पाहावा. वॉशरांचा थर हेडच्या उंचीइतका धरावा, म्हणजे बोल्ट तितकाच आत जातो. इन्सर्ट फसणार असेल तर ते गॅस्केट खर्ची पडण्याआधीच कळते.

बोल्ट काढताना इन्सर्टही त्याच्याबरोबर बाहेर आले. आता काय करावे?

बहुधा बोल्टवर गंज होता किंवा इन्सर्ट पृष्ठभागाच्या बरोबरीने बसवले गेले होते, त्यामुळे त्याचा वरचा फेरा बोल्टने पकडला. तारेचे इन्सर्ट एकदा ताणले गेले की पुन्हा वापरू नये. भोकातले मोठे आटे साफ करून पाहावेत. ते शाबूत असतील तर त्याच मापाचे नवे इन्सर्ट, यावेळी पाव ते अर्धा आटा खोल, बसवावे आणि बोल्ट नवा घ्यावा. मोठे आटेही कापले गेले असतील तर तारेचा मार्ग संपला असे समजून भिंतीची जाडी पुन्हा मोजावी आणि भरीव बुशकडे वळावे.